पाप-पुण्याची वजाबाकी होते का?

महोदय,

व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारामारी, हा आपल्या घरांतला समज आता सोडायला हवा. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये शेवटी मारायला खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे, हेच ध्येय. आंधळ्या विक्रेतीला कमी पैसे दिले तर कोणी हटकत नाही; प्रामाणिकपणा मात्र गुपचूप घटतो.

‘फॉलआउट ३’ (२००८) मला खटकतो. त्यात कर्म हा एकच आकडा. अख्खी वस्ती अणुबॉम्बने उडवा, मग तहानलेल्या भिकाऱ्याला पाणी देत राहा, आकडा पुन्हा वर चढतो! महाभारत असा हिशेब मानत नाही. द्रोणांना फसवताच युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला, आणि गाठीशी एवढे पुण्य असूनही त्याला नरकदर्शन चुकले नाही. तिकडे दुर्योधन आधीच स्वर्गात बसलेला. पापाचे फळ वेगळे, पुण्याचे वेगळे. (धर्मशास्त्रात प्रायश्चित्ते आहेत, पण ती ज्या त्या पापाची.) शिवाय गुण वाढावेत म्हणून केलेले दान गीतेच्या निष्काम कर्मात बसवायचे कुठे?

या प्रश्नांवर तरुण मुले मनापासून बोलतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. इंदूरच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि व्यासपीठावर हे गेम खेळणाऱ्या मुलामुलींनाच बसवावे.

– एक वाचक, इंदूर