मासेमारीच्या जाळ्याचा खोला बदलायचा आहे, हातभार लावा

राम राम मंडळी,

गेल्या हंगामात मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या धक्क्यावर लिलावाला पापलेटची एक टोपली आली. किलोला वीस-बावीस नग. नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, मान वर केली नाही, आणि बोली लावायलाही कुणी पुढे येईना. शेवटी ती मातीमोल भावात गेली.

२०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून जराशी जास्त. नियम चांगलाच आहे, आमची तक्रार नाही. पण मोजायची पट्टी लागते ती धक्क्यावर, आणि तोवर पिल्लू मेलेलं असतं. डोलीतून, म्हणजे आपल्या पिशवीसारख्या जाळ्यातून, वर आलेलं पिल्लू परत पाण्यात टाकलं तरी ते पोट वर करून तरंगतं आणि घारी उचलून नेतात. त्याला सोडायचं तर पाण्याखालीच, जाळ्यातून सोडायला हवं.

डोलीच्या शेवटच्या पिशवीला आपण खोला म्हणतो. सगळा मासा तिथेच साठतो. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, तिरका असतो. उधाणाच्या पाण्याची ओढ बसली की तो मिटतो आणि बोटभर मासाही अडकतो. चौकोनी आस ताण आला तरी उघडा राहतो, पिल्लं निसटतात. तेव्हा आपल्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं आहे की आपल्या २२ होड्यांना हंगामाच्या सुरुवातीसाठी मोठ्या चौकोनी आसाचा एकेक खोला द्यायचा. जवळ्याला, त्या बारीक कोळंबीला, बारीक जाळं लागतंच, तिथे मोठा आस चालणार नाही. ते जाळं जवळ्याच्या दिवसांपुरतंच बांधायचं, असं सगळ्या तांडेलांनी, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांनी, मान्य केलं आहे. दोन-तीन जण कुरकुरले, खोटं कशाला सांगू!

अडचण पैशाची आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या शाकारून ठेवलेल्या, कमाई बंद. हंगाम लागताना डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल यांतच नाखवा बुडतो. वर नवा खोला कुठून आणणार?

म्हणून गावकरी, मुंबईला नोकरीला असलेली आपली मंडळी आणि आपल्या बंदराचं पापलेट आवडीने खाणारे, सगळ्यांना विनंती की जमेल तेवढं द्या. ५०० रुपयेही चालतील. दोन-तीन घरांनी मिळून एका होडीचा खोला उचलला तर फारच बरं. पैसे सोसायटीच्या कार्यालयात द्या, पावती घेतल्याशिवाय उठू नका. जमाखर्च नारळी पौर्णिमेला फळ्यावर लागेल.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी जाळं विणायला या. रोज दुपारी तीननंतर मासे वाळवायच्या वलांडीशेजारच्या शेडमध्ये बसतो. सुई-दोरा आमचा, चहाही आमचा.

आणि बाजारात तळहाताएवढं पापलेट 'स्वस्त आहे' म्हणून कुणी पुढे केलं, तर घेऊ नका.

आपले,
कार्यकारी मंडळ आणि तांडेल मंडळी