किसिमीहून खुशालीचे पत्र

किसिमी, फ्लोरिडा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी तळ्याकाठी फिरतो हे कळल्यापासून आईला झोप नाही, असे ताईने कळवले. टोहोपेकलिगा तळ्यात मगरी आहेत हे खरे आहे. पण मी पाण्यालगत बसत नाही, लाकडी धक्क्यावरच उभा राहतो आणि तिन्हीसांजेच्या आत घरी येतो. वादळाची सूचनाही इथे काही दिवस आधी मिळते, तेव्हा त्याचीही काळजी नसावी.

मी जातो तो एका घारीसाठी; इंग्रजीत तिला ‘स्नेल काइट’ म्हणतात. ही घार जवळजवळ केवळ पाण्यातल्या गोगलगायींवर जगते. नर काळसर राखाडी, पाय नारिंगी आणि डोळे लालभडक. मादी तपकिरी, पोटावर रेघारेघांची. मान खाली घालून ती लव्हाळ्यावरून संथ उडते, श्वास घ्यायला वर आलेली गोगलगाय एका पायाने अलगद उचलते आणि खुंटावर जाऊन बसते. मग आकड्यासारखी बारीक चोच शंखाच्या तोंडातून आत घालून ती मांस शंखाला धरून ठेवणारा स्नायू कापते आणि अख्खा जीव बाहेर ओढते. शंखाला सहसा तडाही जात नाही. खुंटाखाली रिकाम्या शंखांचा खच पडलेला असतो. बाबा, नांदूर मधमेश्वरला तुम्ही मला मुग्धबलाक करकोचा दाखवला होता, तो खातो त्या गोगलगायी याच कुळातल्या.

तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेत, म्हणून पुढचे मुद्दाम लिहितो. इथली किसिमी नदी वळणे घेत 166 किलोमीटर वाहत असे. पूर येतो म्हणून 1962 ते 1971 या काळात ती सरळ करून 90 किलोमीटरचा कालवा केला, आणि काठची दलदल वाळली. दलदल गेली की गोगलगाय जाते, आणि पाणी अचानक उतरले की पाण्यावर बांधलेल्या घरट्यांपर्यंत शिकारी जनावरे पोचतात. कालव्याचा बराच भाग पुन्हा बुजवून नदीला तिची वळणे परत देण्याचे काम 2021 मध्ये पुरे झाले. तुम्ही हसाल, पण यांनी ते खरोखर केले.

ही घार 1967 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. 1999 च्या सुमारास फ्लोरिडात साडेतीन हजारांच्या घरात असलेली संख्या दुष्काळात घटून दहा वर्षांत सातशेच्या आसपास आली. त्यातच 2004 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली, देशी गोगलगायीच्या कितीतरी पट मोठी जात इथे पसरली. कोवळ्या घारींना तो शंख पेलेना, त्यामुळे आता ही घार संपते असे अनेकांना वाटले. झाले उलटेच: मोठ्या चोचीची पिल्ले अधिक जगली, दोन पिढ्यांच्या आत चोचींचे सरासरी माप वाढले आणि संख्याही सावरली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2017 मध्ये मांडले.

इथल्या लोकांची एक सवय मात्र मला अजून उलगडलेली नाही. जन्मभरात पाहिलेल्या पक्ष्यांची ते यादी ठेवतात. या एका घारीसाठी माणसे दूरच्या राज्यांतून विमानाने येतात, भाड्याची गाडी घेतात, पहाटे धक्क्यावर दुर्बीण लावतात, घार दिसली की वहीत खूण करतात आणि लगेच निघतात. ती पुढे काय खाते, कुठे बसते, याचे त्यांना काही नाही. यादीत आधीच असलेला पक्षी समोर येऊन बसला तरी काही जण मान वळवत नाहीत. आपल्याकडे याला वेड म्हणतील. इथे तो छंद समजला जातो आणि त्यावर पगाराचा मोठा हिस्सा खर्च होतो. मी यादी ठेवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोगलगायी भरपूर असल्या की घारींच्या जोडीतला एक जण, नर किंवा मादी, पिल्ले पुरती उडू लागण्याआधीच निघून जातो आणि दुसरीकडे नवी जोडी जमवतो. मागे राहिलेल्यावर सगळा भार पडतो. हे ताईला वाचून दाखवू नका.

चिंचवडच्या स्थळाला मी नकार देत नाही; मुलगी चांगली शिकलेली दिसते. पण माझ्या व्हिसाचा कागद हाती येईपर्यंत त्यांना शब्द देऊ नये. दिवाळीला येणे या वर्षीही जमेलसे दिसत नाही, त्यामुळे तिकिटाचे पैसे पत्र्याच्या कामासाठी पाठवले आहेत. त्यातून आधी बाबांच्या मोतीबिंदूचे उरकून घ्यावे, पत्रे पावसाळ्यापर्यंत थांबतील. रक्कम ताईच्या खात्यात जमा केली आहे. पोचली की कळवावे.

आपला,
सुहास