बाळाची फिजिओथेरपी पाड्यापर्यंत पोचू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या पत्रावरून कुणा कर्मचाऱ्याला नोटीस जावी आणि विषय तिथेच मिटावा, असं मला नको आहे. मी लिहितेय ते एका कामासाठी : दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची फिजिओथेरपी फोनवरून पाड्यापर्यंत पोचावी. ते काम तुमच्या सहीने होऊ शकतं.

माझा धाकटा तिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन एक किलो दोनशे ऐंशी ग्रॅम. अडतीस दिवस तो एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, पेटीत होता. तिथल्या सिस्टरांनी त्याला जगवलं, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी फाईलवर लिहून दिलं : हालचालींकडे लक्ष ठेवा, दर आठवड्याला फिजिओथेरपीला आणा.

दर आठवड्याला म्हणजे काय, ते सांगते. पाड्यावरून फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटीने तालुका, तालुक्याला गाडी बदलून जिल्हा. पहाटे निघालं की घरी यायला दिवेलागण. बायकांना अर्धं तिकीट झालंय ते खरं, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याचा रोज बुडतो आणि दोन किलोचं बाळ खोकणाऱ्या गर्दीत पदराखाली धरून बसावं लागतं. मी तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला खोलीला कुलूप होतं. फिजिओथेरपीच्या मॅडमची बदली झाली होती, जागी कोणी आलं नव्हतं. त्यानंतर मी थांबले. बाळ अंगावर पीत होतं, वजन वाढत होतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्याचा बापसुद्धा दीड वर्षाचा होऊन चालला." मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तीन महिने असेच गेले. मग एक दिवस न राहवून फाईलवर लिहिलेल्या त्या मॅडमच्या नंबरवर फोन लावला. त्या दुसऱ्या जिल्ह्यात होत्या. म्हणाल्या, "ताई, आज तो जागा आणि खुशीत असेल तेव्हा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. उताणा झोपवा, अंगात फक्त लंगोट. खेळणं नको, कोणी बोलवायचं नाही, हात लावायचा नाही."

ओट्यावर चटई टाकून मी व्हिडिओ काढला. आमच्याकडे नेट फक्त शाळेच्या मागच्या उंचवट्यावर मिळतं, तिथे जाऊन रात्री पाठवला. सकाळी मॅडमचा फोन आला. "डावी मूठ बघितलीत? अंगठा आत आहे. उजवी उघडते, डावी पाच मिनिटांत एकदाही उघडली नाही."

साहेब, मी त्याला रोज माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. तेल लावताना ती मूठ मीच उघडत होते. तरी मला ते दिसलं नव्हतं.

मुलगा तेव्हा जन्मून साडेपाच महिन्यांचा होता, पण दहा आठवडे आधी आलेला, म्हणून मॅडमच्या हिशेबाने तीन महिन्यांचाच. ह्याला सुधारित वय म्हणतात. ह्या वयात निरोगी बाळाच्या मनगटात, मानेत, घोट्यात सतत बारीक चुळबुळ चालू असते. ती अजिबात नसेल तर पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याचा, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे अंगाच्या हालचालींवर ताबा न राहण्याचा, धोका मोठा असतो. हाईन्झ प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी ही तपासणीची पद्धत बसवली. तपासणारा बाळाला हातही लावत नाही, नुसता व्हिडिओ बघून सांगतो. पूर्वी हे निदान बहुतेकदा एक ते दोन वर्षांच्या वयात व्हायचं. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून लिहिलं की सुधारित वयाच्या सहा महिन्यांच्या आत ते करता येतं आणि उपचारही तेव्हाच सुरू व्हायला हवेत, कारण वापरातून शिकण्याची मेंदूची ताकद त्या काळात फार असते.

पुढचे अकरा महिने आमची फिजिओथेरपी फोनवर झाली. त्या काळात दोनदा मी मॅडमकडे प्रत्यक्ष जाऊन आले, कारण स्नायू किती ताठ आहेत आणि खुब्याचा सांधा ठीक आहे का, हे हाताने बघावं लागतं. ते फोनवर होत नाही आणि होतं असं मी म्हणणारही नाही. बाकीचं घरी. फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवायचा, जमिनीच्या पातळीवर, म्हणजे बाळ आणि माझे हात दोन्ही दिसतील. मॅडम बघायच्या माझे हात. "ताई, मानेला नाही, खांद्याखाली हात घ्या." "मूठ ओढून उघडू नका, करंगळीच्या बाजूने हळू बोट फिरवा, आपोआप सुटेल." झोळीत निजवणं कमी करायला लावलं, त्यात अंग मुडपून राहतं. जागा असताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन पालथं घालायचं आणि स्टीलची वाटी डाव्या बाजूला वाजवायची, म्हणजे तो डावीकडे वळेल, डाव्या हातावर भार देईल. हे दिवसातून आठ-दहा वेळा, कपडे बदलताना, भरवताना, खेळवताना. आठवड्यातून एकदा अर्धा तास जिल्ह्याला नेऊन हे कसं झालं असतं? तान्ह्या बाळाची फिजिओथेरपी आईच्याच हातांनी होते. त्या हातांकडे कोणीतरी जाणतं बघायला हवं, आणि बघणं फोनवर होतं.

तो आज अडीच वर्षांचा आहे. पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही. डावी टाच अजून नीट टेकत नाही, पायाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, आहे. पण पांगुळगाडा ढकलत ढकलत तो चालायला लागला आणि भाकरी दोन्ही हातांनी धरून मोडतो.

आता जे मला झोपू देत नाही ते सांगते. माझ्याच अंगणवाडीत एक मुलगी आहे. दोन वर्षांची झाली तरी बसत नव्हती, उचलून उभी केली की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मी दर महिन्याला तिचं वजन करून शासनाच्या फोनवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरत होते. वजन ठीक होतं, म्हणून माझ्या नोंदीत ती ठीक होती. हातात कॅमेरा असलेला फोन होता, समोर बाळ होतं, पण मूठ बघ, मान बघ, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा मुलगा झाल्यावर मला कळलं की मी काय बघायला हवं होतं. तोपर्यंत तिची ती दोन वर्षं गेली होती.

योजना आपल्याकडे नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (आरबीएसके) देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाली. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता यांच्या बरोबरीने विकासातला विलंब हाही त्यात पहिल्यापासून आहे, आणि त्यासाठीच जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे अशा बाळांना लवकर ओळखून उपचार देणाऱ्या केंद्राची, तरतूद आहे. आशाताई बाळाच्या घरी जाते, ती पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि मग देशाने घेतली. ज्या महाराष्ट्राने नवजात बाळाचं आजारपण घरात ओळखायला गावातल्या बाईला शिकवलं, त्याला मूठ ओळखायला शिकवणं अवघड नाही.

अडतं कुठे, ते मला जवळून दिसतं. आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण तान्हं बाळ त्या दिवशी आईच्या माहेरी असतं. पहिल्या बेचाळीस दिवसांनंतर आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरलेल्या आहेत. त्या जन्मतारखेवरून मोजतात. माझ्या मुलासारखं बाळ तिसऱ्या महिन्याच्या भेटीला खरं तर तीन आठवड्यांचं असतं, आणि त्याला बघायची सगळ्यात चांगली वेळ दोन भेटींच्या मधे येते. त्यात आशा तुमच्या खात्याची, मी महिला व बालविकासची. एकाच पाड्यावर, एकाच बाळासाठी आम्ही दोघी दोन वेगळ्या फोनमध्ये दोन वेगळ्या नोंदी करतो.

२०२० साली आपल्या देशात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली. सगळीच अडचणीत येत नाहीत, पण कोणतं येणार हे बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. एसएनसीयूतून बाळ घरी सोडताना कार्डावर सुधारित वयाप्रमाणे व्हिडिओच्या तारखा लिहून द्या आणि जिल्हा केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टचं नाव त्या बाळाच्या नावासमोर लागू द्या. पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हावी. त्यानंतर आठवड्याला फोनवर, आणि काही खटकलं तर लगेच बोलावणं, त्या दिवशी गाडीची सोय सरकारने करावी. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी ह्या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी जोडून देतातच, तिथेच आठवड्यातल्या दोन दुपारी बाळांच्या फिजिओथेरपीला ठेवा. नेट नसेल तिथे व्हिडिओ नंतर पाठवलेला चालावा, माझा तसाच गेला होता. प्रत्येक जिल्ह्यात निदान एकाला तरी ती व्हिडिओवरून हालचाली तपासण्याची पद्धत रीतसर शिकवा. आणि फिजिओथेरपिस्टच्या रिकाम्या जागा भरा. नाहीतर फोन लावायचा, पण उचलायला पलीकडे कोणी नाही, असं व्हायचं.

दोन गोष्टी विसरू नका. देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बाया २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सुमारे ५४ टक्केच होत्या. म्हणून आईचा फोन गृहीत धरू नका, आशाताईचा किंवा माझा फोन वापरू द्या, आणि आशाताईला त्या भेटीचा मोबदला द्या. दुसरं, लंगोटातल्या बाळाचे व्हिडिओ कुणाच्या खाजगी व्हॉट्सॲपवर पडून राहायला नकोत. आईची परवानगी घेऊन ते सरकारी, सुरक्षित जागी ठेवले जावेत. आमच्या मॅडमनी ते अकरा महिने स्वतःच्या वेळेतून, स्वतःच्या फोनवरून दिले. त्यांच्यासारखं माणूस भेटलं तर बाळ सावरणार आणि नाही भेटलं तर नाही, हे सरकारी दवाखान्यात कसं चालेल?

आमच्या पाड्यावर ह्या आठवड्यात एसएनसीयूतून जुळी घरी येताहेत. बत्तिसाव्या आठवड्याची आहेत, आई एकोणीस वर्षांची. ओट्यावर चटई टाकून व्हिडिओ मी काढून देईन, ते मला आता येतं. तो कोणाला पाठवायचा, तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका