मानवशास्त्राला यंत्रे द्या, आणि ती सांभाळणारा माणूसही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणापासून विद्यापीठांतल्या अद्ययावत प्रयोगशाळांबद्दल बरेच बोलले जाते. त्यात माणसाचे शरीर आणि समाज अभ्यासणाऱ्या मानवशास्त्राचे नाव कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र. एका विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात मी २९ वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. या विषयाला प्रयोगशाळा लागते, हेच अनेकांना ठाऊक नसते. वास्तविक इरावतीबाई कर्व्यांच्या काळापासून आपल्याकडे हा विषय मोजमापाची अवजारे हाताळतच शिकवला गेला आहे.

आमच्याकडे डोक्याची लांबी मोजायचे चार स्प्रेडिंग कॅलिपर होते. त्यातल्या दोन कॅलिपरचे सांध्याचे स्क्रू सैल झालेले. एकाच मुलाचे डोके त्या दोन्ही कॅलिपरनी मोजले की चार-चार मिलिमीटरचा फरक यायचा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे विभागाच्या सामानाच्या नोंदवहीत, ते 'चालू स्थितीत' होते, त्यामुळे निर्लेखन करून ते बादही होत नव्हते आणि नवे घ्यायला मंजुरीही मिळत नव्हती. शेवटी मीच त्यांना दोरा बांधून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. प्रॅक्टिकलला एक जण माप सांगणार, दुसरा जर्नलात लिहिणार. वर्गात गलका असला की 'एकशे त्र्याऐंशी'चे 'एकशे त्र्याण्णव' व्हायचे. डोके एका सेंटिमीटरने वाढले आणि तोच आकडा पुढे सरासरीत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बटण दाबताच आकडा थेट संगणकात उतरवणारे डिजिटल कॅलिपर आज मिळतात. अर्थात माप जिथून घ्यायचे तो भुवयांच्या मधला उंचवटा बोटाने चाचपून शोधायला आधी हातालाच शिकवावे लागते, ते कुठलेही यंत्र करणार नाही.

हाडांचेही तसेच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात एका प्राचीन वस्तीचे उत्खनन केले. तिथे तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली, पावले नसलेले प्रौढांचे सांगाडे सापडले, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुषही सापडला. आमच्या विद्यार्थ्यांनी हे सगळे फक्त फळ्यावरच्या आकृतीत पाहिले. खरी हाडे दरवर्षी प्रत्येक तुकडीच्या हाती देता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांचे त्रिमितीय स्कॅन करून हुबेहूब प्रतिकृती छापता येतात, पडद्यावर फिरवून, मोठ्या करून पाहता येतात. आमच्याकडे होती दात झिजलेली एक प्लास्टरची कवटी, आणि परीक्षेला तीच.

मला सर्वांत जास्त लागून राहिले आहे ते कॅसेटचे कपाट. क्षेत्रकार्याला गेलेल्या मुलांनी वर्षानुवर्षे पाड्यापाड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली गाणी, कहाण्या, वैदूंच्या मुलाखती त्यात आहेत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या आजीने पूर्वी आमच्याच विभागाच्या मुलांसमोर पावरा आदिवासींच्या पावरी बोलीतली लग्नाची गाणी म्हटली होती. आजी आता नव्हती. रजिस्टरमध्ये नोंद सापडली, कॅसेटही सापडली, पण विभागात ती वाजवायला काही नव्हते. मी घरचा टेपरेकॉर्डर नेला. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. मऊ कापडाने पुसून लावली. अकरा मिनिटे आवाज आला, मग फीत गुंतली आणि तुटली. त्या पोरीने मोबाइल स्पीकरला टेकवून धरला होता, तेवढी अकरा मिनिटे तिच्याजवळ राहिली.

म्हणून माझे म्हणणे असे की, डीएनएची मोठी यंत्रे येतील तेव्हा येवोत, आधी या फिती संगणकावर उतरवून घ्या. चांगला कॅसेट डेक, ध्वनी संगणकात घेणारे छोटे उपकरण आणि दोन ठिकाणी जपलेल्या प्रती, एवढ्यावर काम सुरू होते. गाण्याच्या ओळी आवाजाशी जुळवून लिहायला 'इलान'सारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत, आणि पावरी जाणणारी मुले वर्गातच बसलेली असतात. मात्र ज्यांचे आवाज आहेत त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते इंटरनेटवर टाकू नयेत. एक प्रत त्यांना घरपोच द्यावी.

आणि हे सारे सांभाळायला पूर्ण वेळ माणूस नेमा. माझे पद अजून रिकामे आहे. मी असतानाच एक महागडे सॉफ्टवेअर नूतनीकरणाअभावी बंद पडले होते, कारण मुदत संपते कधी हे पाहणे कुणाच्याच कामात नव्हते.

कपाटाची चावी मी कार्यालयात जमा केली आहे, किल्ल्यांच्या फळीवर शेवटच्या खिळ्याला. खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. निदान जूनच्या आत कपाट तिथून हलवावे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सिन्नर, जि. नाशिक