शूटिंगवाले भाऊ, प्रॉम्प्टरची ओळ काढू नका

भाऊ, नमस्कार.

ताईसाठी नाटकाखाली अक्षरांची पट्टी लिहून दिलीत, त्याचे आभार मानायला आलो तर "आभार बिभार काही नको" म्हणून तुम्ही दुकानाचं शटर ओढून घेतलंत, म्हणून हे उघड्यावर लिहितो आहे. ब्रह्मपुरी-वडशाकडचं कोणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

आमच्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, आणि मंडईच्या रात्री नाटक. ताई लहानपणापासून एकही चुकवत नाही. रात्री दहाला जायचं, अंगावर चादर घेऊन पहाटेपर्यंत बसायचं. लोक हसले की तीही हसते, मग मला कोपर मारून विचारते, काय झालं? मी हातवारे करून सांगेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. दुसऱ्या अंकापर्यंत मी कंटाळतो आणि "नंतर सांगतो" अशी खूण करतो. नंतर कधीच सांगितलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

घरच्या टीव्हीची तीच गत. दूरदर्शनवर 1987 पासून आठवड्यातून एकदा कर्णबधिरांसाठी बातम्या लागायच्या. नागपूरच्या शाळेतून सुटीला आली की ताई रविवारी आवाजाचं बटण पार खाली करायची आणि आम्हा सगळ्यांना तसंच बघायला लावायची. तेवढाच तिचा टीव्ही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात टीव्हीवर सांकेतिक भाषा आणि अक्षरांची पट्टी देण्याचं लिहिलं आहे, 2019 मध्ये टीव्हीसाठी नियम आले, 2024 मध्ये सिनेमागृहांसाठी. आमच्या रिमोटवर सबटायटलचं बटणही आहे. रात्रीच्या मालिकेला ते दाबलं की काहीच होत नाही. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "बटन तं आहे न बाप्पा!" मोबाईलवर मराठी सिनेमा लावला तर खाली पट्टी इंग्रजीत. मराठी माणसाला मराठी ऐकू येतंच, असं धरून चाललेत सारे.

मागच्या मंडईच्या नाटकाची तुम्ही शूटिंग केलीत. पेनड्राईव्ह घ्यायला आलो तेव्हा ताई सोबत होती. तुम्ही तिला काही विचारलंत, उत्तर मी दिलं. तुम्ही मला थांबवलंत आणि बिलाच्या पाठीमागे लिहून तिलाच विचारलंत, "नाटक समजते का?" तिने खाली लिहिलं, "कपडे समजतात."

त्यानंतर लगनसराईच्या गर्दीत, रात्री मिक्सिंग आटोपल्यावर, तुम्ही अख्ख्या नाटकाची पट्टी लिहिलीत. कोणतं वाक्य कोणत्या सेकंदाला सुरू होतं, कोणत्या सेकंदाला संपतं, सगळं हातानं. पहिल्यांदा आमच्या टीव्हीवर नुसते चौकोन चौकोन दिसले, तेव्हा तुम्ही पट्टी चित्रातच छापून दिलीत. दुसऱ्यांदा ओळी भराभर पळाल्या. ताई सातवी शिकलेली, सावकाश वाचते. तुम्ही वाक्यं तोडलीत, ओळी जास्त वेळ थांबवल्यात.

तिसऱ्यांदा मात्र भांडण ताईनेच काढलं. खलनायकाचा चेहरा जवळून दिसत होता आणि खाली आलं, "तू मला का मारतोस?" ताईने टीव्हीवर बोट ठेवलं. ओठ वेगळेच हलतात म्हणाली. बरोबर होतं तिचं. तो म्हणाला होता, "तू मले काहून मारतं?" तुम्ही बिचाऱ्यांनी पुस्तकातली मराठी घातली होती, तिला सोपं जावं म्हणून. तुम्ही सगळं पुन्हा बोलल्याप्रमाणे लिहिलंत. चव्वेचाळीस वर्षं ताई या गावात राहते, घरी दिवसातून पन्नास वेळा "काहून" होतं, आणि तो शब्द तिने पहिल्यांदा तुमच्या पट्टीत वाचला. शाळेत तिला "का" शिकवलं होतं. आता ती मला मेसेजमध्ये "काहून नाही आला?" लिहिते.

आणि भाऊ, ते कंस! (मागून कुत्रं भुकते.) (जनरेटर बंद पडला.) (ऑर्गन, मग ढोलकी.) ताईने विचारलं, कुत्री दरवर्षी भुकतात का? दरवर्षी, म्हटलं. तिला वाटायचं, नाटक चालू असताना सगळे चिडीचूप असतात.

पण खरी गंमत दुसऱ्या अंकात. नायक रुबाबात खांदे मागे टाकून उभा, आणि खाली ओळ आली, (प्रॉम्प्टर: "आई, मी परत आलो.") लगेच पुढची, नायक: "आई, मी परत आलो!" ताईने रिमोट हिसकावून मागे नेलं. पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं या नटाची तिला केवढी ऐट! नटांना संवाद आठवून देणारा प्रॉम्प्टर आम्हा सगळ्यांना मागच्या रांगेतही ऐकू येतो, कोणी मनावर घेत नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती इतकी हसली की आई चुलीवरून धावत आली. यावेळी कोपर मारून मी विचारलं, काय झालं?

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पाच किलो चिन्नोर तांदूळ दिला, तोही वहिनींच्या हाती द्यावा लागला.

यंदाच्या नाटकाचा पेनड्राईव्ह वेगळा पाठवतो आहे. घाई नाही, धान निघेपर्यंत आम्हालाही उसंत नाही. फक्त ताईने चिठ्ठी दिली आहे, ती जशीच्या तशी उतरवतो: "नायक यंदा पाठ करून आला का, ते पाहायचं आहे. प्रॉम्प्टर काढू नका. कुत्रं पण लिहा."

आपला,
ताईचा धाकटा भाऊ