पायलटच्या झोपेत सूट कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा इकडे भुसावळात चहाच्या टपरीवरसुद्धा पायलटांनाच शिव्या, म्हणे यांना आता जास्त आराम पाहिजे. मला काही ते पटलं नाही. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम रातोरात आले नव्हते भो, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएने जानेवारी 2024 मध्येच जाहीर केले होते, आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास आणि रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहाऐवजी जास्तीत जास्त दोन. शेवटचा टप्पा लागू झाला 1 नोव्हेंबर 2025 ला. एवढा वेळ मिळूनही पुरेसे पायलट भरायचे नाहीत, टाइमटेबल मात्र फुगवायचं, आणि गोंधळ झाला की सरकारने कंपनीलाच रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट द्यायची, हा कुठला न्याय?

आमचं रेल्वेचं गाव, रनिंग स्टाफ गल्लोगल्ली. पहाटे दोन ते सहा या वेळात डोळा कसा लागतो ते इथल्या बायकापोरांनाही माहीत आहे. पण इंजिनात ड्रायव्हरने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरी हालला नाही तर आपोआप ब्रेक लागून गाडी उभी राहते. विमान आकाशात उभं कसं करणार?

22 मे 2010 चा मंगळूरचा अपघात लोक विसरले वाटतं. दुबईहून रात्रभर उडून आलेलं विमान पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी सोडून दरीत गेलं, 158 माणसं गेली. कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपलेला होता, घोरण्याचा आवाज कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. को-पायलट 'गो अराउंड', म्हणजे न उतरता परत वर चल, म्हणत राहिला तरी कॅप्टनने लँडिंग सोडलं नाही. झोपेतून उठल्यावर डोकं काही वेळ जड असतं, निर्णय चुकतात, हे चौकशीतही आलं.

जळगावहून आता आपणही गोव्याला, पुण्याला उडतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त मुंबई-दिल्लीवाल्यांचा राहिलेला नाही. कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी थकव्याचे रिपोर्ट डीजीसीएला द्यायचे असं नव्या नियमात आहे. किती पायलटांनी थकलोय म्हणून कळवलं, कंपनीने त्यातलं किती मान्य केलं, हे वेबसाइटवर टाका, आणि यापुढे सूट द्यायची असेल तर कारणासकट तिथेच लिहा.

एक वाचक, भुसावळ