पडद्यामागची चार छायाचित्रे

नागपूर,
दि. १४ डिसेंबर २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पाकीट उघडताना त्यातून एक अरुंद, गुळगुळीत पट्टी खाली पडली असेल, तर आधी ती उचलून घे. दोन इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा त्या पट्टीवर एकाखाली एक चार छायाचित्रे आहेत आणि चारहींत आई व मी आहोत. गेल्या आठवड्यात वर्धा रोडवरील एका सभागृहात मावसबहिणीच्या मुलीचा स्वागत समारंभ होता, तिथे वधूपक्षाने फोटो बूथ, म्हणजे पडद्यामागे बसले की आपोआप छायाचित्रे काढणारे यंत्र, ठेवला होता. तिथेच आम्ही ही काढली.

आई आधी तयार नव्हती. "इथे फोटो काढणारा कुठे आहे?" असे तिने विचारले आणि तो नाही हे कळल्यावर मात्र ती पदर सावरून आत येऊन बसली. बर्डीवरच्या स्टुडिओत दहावीच्या अर्जासाठी आपण दोघे गेलो होतो, ते तुला आठवत असेल. हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका, अशा सूचना ऐकता ऐकता चेहरा इतका ताठ होई की छापून आलेला मुलगा आपणच आहोत हे ओळखावे लागे. पडद्यामागे असे सांगणारे कोणी नसते. समोर काच, काचेवर उतरत जाणारे आकडे आणि दोघांना पुरेल न पुरेल एवढे बाक असल्यामुळे माणसे आपोआप खांद्याला खांदा लावून बसतात. पहिल्या चित्रात आईचे डोळे मिटलेले आहेत, दुसऱ्यात ती "झालं का?" असे विचारते आहे, तिसऱ्यात यंत्राकडे दुर्लक्ष करून माझी कॉलर नीट करते आहे. चौथ्यात ती हसते आहे. असे हसताना मी तिला फोनच्या कॅमेऱ्यात कधी पकडू शकलो नाही, कारण फोन समोर धरला की ती लगेच गंभीर होते.

या यंत्राची मूळ कथा मला फार आवडते. सायबेरियात जन्मलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपले 'फोटोमॅटन' सुरू केले, तेव्हा पंचवीस सेंटांत आठ छायाचित्रे मिळत आणि त्यासाठी सुमारे आठ मिनिटे थांबावे लागे. पहिल्या सहा महिन्यांत दोन लाख ऐंशी हजार माणसे तिथे बसून गेल्याचे सांगतात. आत कागदाची पट्टी एकामागून एक रसायनांत बुडवली जाई आणि ओलसर अशीच बाहेर येई. चित्र थेट कागदावरच उमटत असल्याने निगेटिव्ह नसे. म्हणजे जी पट्टी हातात पडली ती जगात एकच. आताच्या बूथमध्ये रसायने नाहीत. टेबलावरच्या प्रिंटरमधून कागद अर्धा बाहेर येतो, पुन्हा आत जातो. आधी सगळे पिवळे दिसते, मग किरमिजी मिसळते, मग निळा रंग चढतो आणि शेवटी पारदर्शक थर बसतो. ते पाहत आई मुलांच्या घोळक्यात उभी होती आणि स्वतःचा चेहरा हळूहळू उमटताना पाहून तिने माझा हात धरला.

तिथल्या मुलाने फोनवर प्रत घेण्यासाठी क्यूआर कोड पुढे केला, पण मी तो स्कॅन केला नाही. त्याचे कारण तुला सांगायलाच हवे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा खालच्या कपाटातले सगळे अल्बम गेले. आपण दोघे आईच्या पुढ्यात गोळाभात खात बसलेलो आहोत, ते काचेच्या चौकटीतले चित्रही त्याच कपाटात होते. काचेला चिकटलेला कागद सोडवू गेलो तर आपले चेहरेच काचेवर राहिले. फोनमधली हजारो छायाचित्रे सुखरूप राहिली, हे खरे आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञही आहे. तरी गेल्या दोन वर्षांत आईने त्यांतले एकही पाहायला मागितलेले नाही. ती आठवण काढते ती त्या गोळाभाताच्या चित्राचीच. जे सांभाळावे लागते, ज्याला जागा द्यावी लागते, तेच तिच्या लेखी छायाचित्र असते, आणि मला तिचे म्हणणे पटते.

एक कागद मधोमध कापून दोन पट्ट्या निघतात. एक आईने हरिपाठाच्या पुस्तकात ठेवली आहे, दुसरी ही तुझ्याकडे आली. ती माझ्याकडे का ठेवली नाही असे तू विचारशील; पण गेलेल्या चित्रात तू होतास, म्हणून ही तुझ्याकडे असावी असे आम्हा दोघांना वाटले. पाण्यापासून दूर, वरच्या फळीवर ठेव.

जानेवारीत येतो आहेस ना? आई रोज एकदा विचारते, की सुधीर आला की तिघांना त्या बाकावर बसता येईल का. दाटीवाटीने येईल, असे मी तिला सांगितले आहे.

तुझा,
विनायक